जुन्या मोटारीचें बळ : इंजिन आणि आपोआप बदलणारे गिअर

जुनी मोटार पुष्कळ घरांत केवळ वाहन म्हणून राहत नाहीं; ती घराण्याची एक ठेव होऊन बसते. आजोबांनीं घेतलेली, वडिलांनीं राखलेली अशी गाडी मुलाच्या हातीं आली म्हणजे त्याच्या मनांत पहिला विचार येतो तो हा कीं, हिचें बळ थोडें वाढवितां आलें तर किती बरें होईल ! रस्त्यावरील नव्या गाड्या सहज पुढें निघून जातात, घाटाच्या चढावर आपली गाडी धापा टाकूं लागते, आणि मग कोणी हा भाग बदला म्हणून सांगतो, तर कोणी तो. गाडीचे गिअर हातानें बदलावयाचे नसून आपोआप बदलणारे असले, तर हा सल्ला बहुधा अपुरा असतो. कारण सल्ला देणाराचें सारें लक्ष इंजिनाकडे असतें, आणि इंजिन व चाकें यांच्यामध्यें बसलेल्या गिअरपेटीचा विचार कोणी करीत नाहीं. या लेखांत आम्ही तोच विचार करणार आहों. जुन्या इंजिनांत कोणकोणत्या सुधारणा करतां येतात, त्यांपैकीं आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीस कोणत्या मानवतात व कोणत्या मानवत नाहींत, आणि पैसा कोणत्या क्रमानें खर्च करावा, हें आंकड्यांनिशीं दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

विवेचन मोघम राहूं नये म्हणून एक ठराविक गाडी उदाहरणादाखल घेऊं. अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीची १९५५ सालची शेव्हरोलेट ही ती गाडी. शेव्हरोलेट हें नांव मुंबईकरांस परकें नाहीं. याच कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता, व तो १९५४ पर्यंत चालला. १९५५ ची गाडी निवडण्याचें कारण असें कीं, त्या वर्षीं शेव्हरोलेटनें आठ सिलिंडरांचें एक नवें इंजिन बाजारांत आणलें, आणि त्याच घडणीचीं इंजिनें पुढें कित्येक दशकें निघत राहिलीं. त्यामुळें त्याचे गुणदोष कारागिरांस चांगले परिचित आहेत. त्याचे आठ सिलिंडर चार-चारांच्या दोन ओळींत, इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरपे, मांडलेले आहेत. प्रत्येक सिलिंडराचा व्यास ३.७५ इंच व पिस्टनची धांव ३ इंच; आठांचें मिळून पोट २६५ घन इंच, म्हणजे सुमारें ४.३ लिटर. हें गणित ज्यांना करून पाहावयाचें असेल त्यांनीं वृत्तचितीच्या घनफळाचें सूत्र लावून पाहावें. या इंजिनाची शक्ति मिनिटास ४४०० फेऱ्यांवर १६२ अश्वशक्ति, आणि टॉर्क २२०० फेऱ्यांवर २५७ पौंड-फूट, अशी कंपनीनें जाहीर केली होती. ज्यांस हातानें गिअर बदलणें नको असे, त्यांस ही गाडी 'पॉवरग्लाइड' नांवाच्या, दोनच गिअर असलेल्या व ते आपोआप बदलणाऱ्या पेटीसह मिळे.

टॉर्क आणि शक्ति या दोन शब्दांचा घोटाळा नेहमीं होतो, म्हणून त्यांचा उलगडा आधीं करूं. टॉर्क म्हणजे पिळण्याचें बळ. विहिरीवरील रहाटाचा दांडा फिरवितांना हात जो जोर लावतो तो टॉर्क, आणि एका मिनिटांत पाणी किती वर आलें तें शक्तीचें माप. जोर तितकाच ठेवून दांडा दुप्पट वेगानें फिरविला तर पाणी दुप्पट येतें. म्हणजे टॉर्क तोच, पण शक्ति दुप्पट. मोटारीच्या बाबतींत पौंड-फुटांतील टॉर्कास मिनिटाच्या फेऱ्यांनीं गुणून ५२५२ नें भागिलें म्हणजे अश्वशक्ति निघते. आतां वरील आंकडे घ्या. २२०० फेऱ्यांवर टॉर्क २५७. तेव्हां तेथें शक्ति सुमारें १०८ भरते. ४४०० फेऱ्यांवर शक्ति १६२. तेव्हां तेथें टॉर्क सुमारें १९३ च उरतो. यावरून दिसून येईल कीं, जाहिरातींत मोठ्या अक्षरांनीं छापलेली अश्वशक्ति ज्या वेगास मिळते, त्या वेगास इंजिनाचा जोर उतरणीस लागलेला असतो. केवळ फेरे वाढल्यानें शक्तीचा आंकडा मोठा दिसतो.

हा जोर येतो कोठून ? पिस्टन खालीं जातांना हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढलें जातें, वर येतांना तें दाबलें जातें, ठिणगी पडतांच तें जळून पिस्टनला खालीं ढकलतें, आणि पुन्हां वर येतांना पिस्टन धूर बाहेर घालवितो. या चार धांवांपैकीं काम देणारी एकच. बाकीच्या तिहींत इंजिन खर्च करतें. जितकी हवा अधिक आंत जाईल तितकें पेट्रोल अधिक जाळतां येईल. म्हणून इंजिनाचें बळ वाढविण्याचे मार्ग मोजकेच आहेत : प्रत्येक धांवेस हवा अधिक भरणें, मिश्रण अधिक दाबणें, ठिणगी योग्य क्षणीं पाडणें, सिलिंडरांचें पोट वाढविणें, किंवा मिनिटाचे फेरे वाढविणें. बाजारांत विकत मिळणारा कोणताहि भाग यांपैकीं एक-दोन मार्गांचाच असतो. तो घेण्यापूर्वीं तो यांपैकीं काय करतो व किती फेऱ्यांवर करतो, इतकें विचारलें तरी पुष्कळ पैसा वांचेल.

आतां गिअरपेटीकडे वळूं. हातानें गिअर बदलण्याच्या गाडींत इंजिन व पेटी यांच्यामध्यें क्लच असतो. आपोआप चालणाऱ्या गाडींत त्याच्या जागीं टॉर्क कन्व्हर्टर नांवाचें, तेलानें भरलेलें एक बंद भांडें असतें. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. कन्व्हर्टरांत वाऱ्याच्या ऐवजीं तेल असतें. एका पात्यांचें चक्र इंजिनास जोडलेलें, दुसरें पेटीस जोडलेलें, आणि दोहोंच्या मध्यें एक तिसरें लहान चक्र, जें परत येणाऱ्या तेलाची दिशा बदलून त्याचा जोर पुन्हां उपयोगांत आणतें. या तिसऱ्या चक्रामुळें गाडी जागची हलतांना टॉर्क सुमारें दुपटीनें वाढतो. पुढें दोन्ही चक्रांचा वेग सारखा होत आला म्हणजे ही वाढ नाहींशी होते. ही युक्ति हर्मान फ्यॉटिंगर या जर्मन इंजिनिअरानें शोधिली व १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. ती त्यानें योजिली होती ती जहाजांसाठीं. मोटारींत आपोआप गिअर बदलणारी पेटी मोठ्या प्रमाणावर प्रथम विकली गेली ती १९४० च्या ओल्डस्मोबिल गाडींतील 'हायड्रा-मॅटिक'. टॉर्क कन्व्हर्टर असलेली ब्यूइक गाडीची 'डायनाफ्लो' १९४८ सालीं आली, आणि शेव्हरोलेटची 'पॉवरग्लाइड' १९५० सालीं.

गिअर केव्हां बदलावा हें ही पेटी दोन साक्षीदारांना विचारून ठरविते. एक साक्षीदार चाकांच्या बाजूस बसून गाडीचा वेग सांगतो. दुसरा इंजिनाच्या बाजूस बसून चालकानें ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, म्हणजे इंजिनावर भार किती आहे, तें सांगतो. ही दुसरी साक्ष कांहीं पेट्यांत कार्ब्युरेटरापासून आलेल्या दांडीनें किंवा तारेनें मिळते, तर कांहींत इंजिनाच्या हवानळींतील निर्वातावरून मिळते. ही गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावी. इंजिनांत फेरफार करणारा कारागीर पुष्कळदां नकळत या दुसऱ्या साक्षीदाराची जबानीच बदलून टाकतो, आणि मग चांगली पेटी चुकीच्या वेळीं गिअर बदलूं लागते.

आतां आमच्या उदाहरणाच्या गाडीचा हिशेब मांडूं. पॉवरग्लाइडसह येणाऱ्या गाडीच्या मागील आंसाचें प्रमाण ३.५५ होतें, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास मागील दंड ३.५५ फेरे फिरतो. त्या गाडीचें चाक एका मैलांत साधारण ७५० फेरे घेतें. तेव्हां वरच्या गिअरमध्यें ताशी ६० मैल, म्हणजे सुमारें ९७ किलोमीटर, वेगास इंजिन मिनिटास सुमारें २६६० फेरे फिरतें, आणि ताशी ३० मैलांस अवघे १३३०. तेलांतील थोडी सरक येथें सोडून दिली आहे. ४४०० फेऱ्यांची ती १६२ अश्वशक्ति वरच्या गिअरमध्यें मिळावयाची तर गाडी ताशी जवळजवळ ९९ मैल पळाली पाहिजे ! खालच्या गिअरचें प्रमाण १.८२, त्यांत ताशी ३० मैलांस सुमारें २४२० फेरे होतात. सारांश, या गाडीचें रोजचें आयुष्य १२०० ते २७०० फेऱ्यांच्या दरम्यान जातें. हातानें गिअर बदलणारा चालक इंजिनाचे फेरे वाढवून त्याला आवडेल त्या ठिकाणीं आणूं शकतो; दोन गिअरांच्या आपोआप चालणाऱ्या पेटींत ती सोय थोडी. म्हणून आमचें मुख्य म्हणणें असें आहे कीं, अशा गाडींत सुधारणा करावयाची ती तिच्या रोजच्या फेऱ्यांत जोर वाढविणारी असावी. मोठ्या फेऱ्यांवर शक्ति वाढविणारी सुधारणा तिला बहुधा निरुपयोगी, आणि कित्येकदां अपायकारकहि होते.

सुधारणेच्या आधीं दुरुस्ती येते. जुन्या गाडीचें मूळचें बळ किती शिल्लक आहे हें प्रथम पाहावें. प्रत्येक सिलिंडराचा दाब मापकानें घ्यावा. आठांपैकीं एक-दोन फार खालीं आले असतील, तर झडपा किंवा पिस्टनचीं कडीं झिजलीं आहेत असें समजावें, व तेथें नवा कार्ब्युरेटर बसविणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणें होय. मग प्लग, डिस्ट्रिब्यूटरांतील पॉइंट, ठिणगीची वेळ, हवेची गाळणी, पेट्रोलचा पंप, रेडिएटर हीं क्रमानें पाहावीं. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला असतां कार्ब्युरेटराचें दार खरोखर पूर्ण उघडतें कीं नाहीं हेंहि पाहावें. दांडी झिजल्यामुळें तें अर्धवटच उघडणाऱ्या गाड्या कमी नसतात. या १९५५ च्या इंजिनांत तेलाची गाळणी मुळांत बसविलेलीच नव्हती, ती निराळी घ्यावी लागे. तेव्हां त्याचें तेल वेळच्या वेळीं बदलणें अधिकच अगत्याचें. पेटीचें तेल पाहावें. तें करपल्यासारखा वास देत असेल तर आंतील घर्षणपट्ट्या जळल्याची ती खूण होय. या सर्वांस नव्या भागांच्या मानानें थोडा खर्च येतो, आणि 'गाडींत दम नाहीं' ही तक्रार पुष्कळदां येथेंच मिटते.

दुरुस्तीनंतरचा पहिला मार्ग ठिणगीचा. पॉइंट झिजतात, त्यांतील अंतर बदलतें, आणि ठिणगीची वेळ सरकते. पॉइंटांच्या जागीं इलेक्ट्रॉनिक साधन बसविलें म्हणजे ही झीज राहत नाहीं. शेव्हरोलेटनें १९५५ सालींच सहा व्होल्टांची वीज सोडून बारा व्होल्टांची घेतली, त्यामुळें असें साधन या गाडीस सुलभतेनें बसतें. यानें मोठी शक्ति वाढत नाहीं. पण इंजिन रोज सारखें चालतें, थंडींत लवकर सुरू होतें, व कमी फेऱ्यांवर अडखळत नाहीं. आपोआप चालणाऱ्या पेटीस असें एकसारखें चालणारें इंजिनच हवें असतें.

दुसरा मार्ग हवेचा. या इंजिनासाठीं कंपनीनेंच एक पर्याय ठेवला होता : दोन नळ्यांच्या कार्ब्युरेटराऐवजीं चार नळ्यांचा कार्ब्युरेटर, आणि धूर बाहेर टाकण्यास एकाऐवजीं दोन नळ. त्यानें शक्ति १६२ वरून १८० वर गेली, म्हणजे अकरा टक्के वाढली. पण टॉर्क पाहा. तो २५७ वरून २६० वर आला, म्हणजे जेमतेम एक टक्का. आणि तोहि २२०० ऐवजीं २८०० फेऱ्यांवर. वरच्या गिअरमध्यें ताशी चाळीस मैलांनीं जाणाऱ्यास या वाढीचा अनुभव फारसा येणार नाहीं. खालच्या गिअरमध्यें जोरानें चढ चढतांना किंवा दुसऱ्या गाडीस ओलांडून जातांना मात्र येईल. हा मार्ग वाईट नव्हे, कारण चार नळ्यांपैकीं दोन साध्या चालीस बंदच राहतात व पेट्रोलची नासाडी होत नाहीं. परंतु कार्ब्युरेटर बदलतांना पेटीकडे जाणारी दांडी मूळच्याच मापानें हलते कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून काम पुरें झालें असें समजूं नये.

तिसरा मार्ग दाबाचा. या इंजिनांत मिश्रण आठास एक या प्रमाणांत दाबलें जातें. तें साडेनवास एक केलें तर तात्त्विक हिशेबानें सुमारें पांच टक्के लाभ होतो, आणि तो सर्व फेऱ्यांवर मिळतो, हा त्याचा विशेष गुण. पण दाब वाढला कीं पेट्रोल आपणच भडकण्याची भीति वाढते, व इंजिनांत ठोका ऐकूं येऊं लागतो. येथें इंधनाचा विचार अवश्य आहे. १९५५ सालीं पेट्रोलांत शिशाचें एक संयुग मिसळीत; त्यानें हा ठोका दबे, व झडपांच्या बैठकीहि झिजत नसत. शिसें आरोग्यास घातक ठरल्यामुळें भारतांत तें पेट्रोल २००० सालीं बंद झालें, आणि तें योग्यच झालें. म्हणून जुन्या इंजिनाचें हेड उघडलेंच, तर झडपांच्या बैठकी कठीण पोलादाच्या करून घ्याव्या. आपल्याकडे साधें पेट्रोल मिळतें, व त्याहून अधिक ऑक्टेनचें, अधिक किंमतीचेंहि मिळतें. दाब वाढवावयाचा तर या दुसऱ्याचा खर्च कायमचा गृहीत धरावा. शिवाय २०२५ पर्यंत आपल्या देशांत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल सर्वत्र आलें. इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्या व पडदे खराब करतें. तसेंच त्यास जळावयास हवा कमी लागत असल्यामुळें जुन्या कार्ब्युरेटराचें मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतें. नळ्या नव्या जातीच्या रबराच्या घालणें आणि कार्ब्युरेटराचीं छिद्रें त्या मानानें मोठीं करणें, हें काम बळ वाढविण्याचें नसलें तरी बळ टिकविण्याचें आहे.

चौथा मार्ग कॅमशाफ्टचा, आणि तरुणांस मोह पडतो तो याच मार्गाचा. कॅमशाफ्ट झडपा उघडतो व मिटतो. शर्यतीच्या कॅमशाफ्टनें झडपा अधिक वेळ उघड्या राहतात. त्यामुळें मोठ्या फेऱ्यांवर हवा भरपूर भरते आणि इंजिनाचा आवाजहि रुबाबदार होतो. परंतु कमी फेऱ्यांवर तीच उघडी झडप आंत घेतलेली हवा परत जाऊं देते. टॉर्क घटतो, हवानळींतील निर्वात कमी होतो, आणि गाडी उभी असतां इंजिन थरथरूं लागतें. निर्वातावर चालणाऱ्या पेटीला मग इंजिनावर सदैव भार आहे असें वाटतें, व ती गिअर उशिरां व धक्क्यानें बदलते. ब्रेकना निर्वाताची मदत घेणारी गाडी असली तर ब्रेकहि जड होतात. म्हणजे बळ वाढविण्याच्या नादांत थांबण्याची शक्ति कमी झाली ! आपोआप चालणाऱ्या गाडीस कॅमशाफ्ट बदलावयाचाच असेल, तर कमी फेऱ्यांवर टॉर्क देणारा, सौम्य जातीचाच निवडावा.

पांचवा मार्ग सिलिंडरांचें पोट वाढविण्याचा. याच घराण्याचें २८३ घन इंचांचें इंजिन १९५७ सालीं निघालें, व ३५० घन इंचांचें १९६७ सालीं. बाहेरून हीं इंजिनें फार निराळीं नाहींत. ३५० चें पोट २६५ च्या मानानें बत्तीस टक्के मोठें. आणि पोटाचा लाभ कमी फेऱ्यांपासूनच सुरू होतो, म्हणून आपोआप चालणाऱ्या पेटीस हा मार्ग सर्वांत मानवतो. मात्र हें जवळजवळ नवें इंजिनच घेणें झालें. खर्च मोठा, आणि जुन्या पेटीस तो जोर सोसेल कीं नाहीं हा प्रश्न उरतोच. भारतांत तर नोंदणीच्या दाखल्यांतील माहितीशीं विसंगत असे फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आड येतें. इंजिन बदलावयाचें तर परिवहन अधिकाऱ्यांची संमति आधीं घ्यावी लागते.

सहावा मार्ग कार्ब्युरेटर काढून पेट्रोल फवाऱ्यानें सोडण्याचा. शेव्हरोलेटनें १९५७ सालींच २८३ घन इंचांच्या इंजिनास असें साधन जोडून २८३ अश्वशक्ति मिळविली होती. आज मिळणारीं साधनें कार्ब्युरेटराच्याच जागीं बसतात, धुरांतील प्राणवायु मोजतात आणि मिश्रण स्वतःच जमवून घेतात. घाटावरची विरळ हवा, थंडी, इथेनॉलचें प्रमाण, या सर्वांशीं तीं जुळवून घेतात. अश्वशक्तीची वाढ बेताची असली तरी चालण्यांतील गोडवा वाढतो. पेटीकडे जाणाऱ्या दांडीची अट येथेंहि लागू आहेच.

इतके इंजिनाचे मार्ग झाले. आतां एक गणित असें मांडतों कीं, तें पाहून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. पॉवरग्लाइडच्या जागीं त्याच कंपनीची १९६९ पासून निघालेली तीन गिअरांची 'टर्बो-हायड्रामॅटिक ३५०' पेटी बसविली, तर पहिल्या गिअरचें प्रमाण १.८२ ऐवजीं २.५२ होतें. कन्व्हर्टर सारखेच धरले तर इंजिनास हात न लावतां निघण्याच्या वेळचा जोर अडतीस टक्क्यांनीं वाढला ! चार नळ्यांच्या कार्ब्युरेटरानें टॉर्क एक टक्का वाढला होता, हें येथें आठवावें. १९८२ सालीं आलेल्या चार गिअरांच्या '७००-आर४' पेटींत पहिल्याचें प्रमाण ३.०६ व चौथ्याचें ०.७० आहे. म्हणजे निघतांना जोर अडुसष्ट टक्के अधिक, आणि ताशी ६० मैलांस २६६० ऐवजीं अवघे १८६० फेरे. इंजिनाची झीज कमी, आवाज कमी. मात्र या पेटीची कार्ब्युरेटराकडे जाणारी तार योग्य मापानें ताणलेली नसेल, तर आंतील दाब कमी पडून घर्षणपट्ट्या थोड्याच दिवसांत जळतात. शिवाय १९५५ च्या गाडीचे पेटीस आधार देणारे भाग निराळ्या जागीं आहेत, म्हणून नवा आडवा आधार करावा लागतो. पेटी न बदलतां मागील आंसाचें प्रमाण ३.५५ वरून ४.११ केलें तरी जोर सोळा टक्के वाढतो; पण मग ताशी ६० मैलांस इंजिन ३०८० फेरे फिरतें आणि पेट्रोल अधिक पितें.

कन्व्हर्टर बदलून इंजिनास निघतांनाच अधिक फेरे घेऊं देण्याचीहि एक रीत आहे. शर्यतीच्या कॅमशाफ्टबरोबर ती लागतेच. परंतु कन्व्हर्टरांतील प्रत्येक सरक उष्णता होऊन तेलांत उतरते, आणि तापलेलें तेल हा या पेटीचा सर्वांत मोठा शत्रु होय. घाटांत, उन्हाळ्यांत, गर्दींत चालणाऱ्या गाडीस तेल थंड करणारी एक लहान जाळी रेडिएटराच्या पुढें बसविणें, हें थोड्या खर्चांत पेटीचें आयुष्य वाढविणारें काम आहे.

सर्वांच्या शेवटीं सांगतों, पण करावयाचें तें सर्वांच्या आधीं : ब्रेक. या गाडीच्या चारी चाकांस ड्रमचे ब्रेक आहेत, आणि चारींचें तेल एकाच मार्गानें जातें. कोठेंहि एक नळी फुटली कीं चारी ब्रेक गेले. वेग दीडपट झाला तर थांबवावयाची ऊर्जा सव्वादोनपट होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम गाडी जुनी म्हणून कोणास सूट देत नाहीं. पुढच्या व मागच्या चाकांचें तेल निरनिराळ्या मार्गांनीं नेणारा दुहेरी सिलिंडर, नव्या नळ्या, पुढें डिस्क ब्रेक, आणि नवे टायर, यांवर पहिला रुपया खर्च करावा. ज्या घरांत यास पैसा नाहीं, त्या घरांत बळ वाढविण्यासहि नाहीं असें समजावें. बुरूज बांधण्यापूर्वीं खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

तेव्हां क्रम असा : प्रथम ब्रेक व टायर, मग इंजिन व पेटी यांची संपूर्ण दुरुस्ती, मग ठिणगी, इंधनाच्या नळ्या व तेल थंड करणारी जाळी, त्यानंतर गिअरांचें प्रमाण, आणि पैसा व परवानगी दोन्हीं असतील तर अखेरीस इंजिनाचें पोट किंवा दाब. प्रत्येक वेळीं एकच बदल करावा, आणि बदलापूर्वीं व नंतर मोजमाप ठेवावें. तोच चढ, तितकींच माणसें, टांकींत तितकेंच पेट्रोल, कायद्याच्या मर्यादेंतील वेग, आणि घड्याळ हातीं घेऊन शेजारीं बसलेला सोबती. एकदम चार भाग बदलले तर गाडी सुधारली कोणामुळें व बिघडली कोणामुळें, हें कधींच कळत नाहीं. शाळेंतील प्रयोगशाळेंत आपण हेंच शिकतों. ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं अशी जुनी गाडी असेल, त्यांनीं वडिलांच्या परवानगीनें एक वही घालून तींत हे आंकडे लिहिण्यास आरंभ करावा. पैसा खर्च करण्याची वेळ येईल तेव्हां सल्ला देणाऱ्या दहा जणांपेक्षां ती वही अधिक उपयोगीं पडेल, असें आम्हांस वाटतें.